लेकीच्या घरचं पाणी आणि इंग्रजीतला ‘द’

३ डिसेंबर, बुधवार

आज वर्गात ‘द’ सुरू केला. खाली खताचं दुकान, वर माझा वर्ग. खाली युरिया, वर व्याकरण. प्रमाण चुकलं की दोन्हींनी जळतं. हा विनोद मी प्रत्येक बॅचला करतो आणि लोक हसतात. नवे असतात बिचारे.

जूनमध्ये शाळेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा अख्खं अवसरी गाव म्हणालं, सर आता लिहिणार. सरांनी पाटी लिहिली : ‘दादाभाऊ हिंगे यांचे इंग्रजी वर्ग. आर्टिकलची हमखास तयारी.’ मंचरात इतर लोक फाडफाड बोलायला शिकवतात. मी बरोबर बोलायला शिकवतो. त्यामुळे त्यांच्याकडे गर्दी आहे आणि माझ्याकडे भरपूर बाकं.

मराठीत ‘द’ का नाही, ते आज सांगितलं. आपल्याकडे कुणी “मोटर जळली” म्हटलं तर ऐकणारा “कोणती” असं विचारत नाही. त्याला मोटर माहीत, विहीर माहीत, कुणाच्या हयगयीनं जळली तेही माहीत. जिथं सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक असतं, तिथं ‘द’ कशाला लागेल? इंग्रज शेजारच्या अंगणात डोकावत नाही. म्हणून त्याला प्रत्येक नामाआधी अंदाज घ्यावा लागतो, की मी कशाबद्दल बोलतोय ते समोरच्याला कळलंय का. कळलं असेल तर ‘द’, नसेल तर ‘अ’.

गोरख म्हणाला, “सर, मंग बिबट्याला काय लावायचं?”

“पहिल्यांदा दिसला तर ‘अ’. पुन्हा तोच दिसला तर ‘द’.”

“आन् तो दुसराच आसला तर? आमाला काय त्याची वळख-पाळख न्हाई राव.”

गोरख खोडदच्या दुर्बिणींवर येणाऱ्या परदेशी शास्त्रज्ञांना पुणे विमानतळावरून आणतो. गाडी त्याची स्वतःची. जाता जाता विचारतो, “सर, तुमी गोऱ्या माणसाशी बोललाय का कधी?” मी म्हणालो, “ज्योतिष शिकवणारा मंगळावर जाऊन आलेला असतो का?” बॅच हसली. गोरख हसला नाही.

संध्याकाळी इंग्लंडातल्या लीड्सहून लेकीचा, वृषालीचा फोन. सातवा चालू आहे, रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांनी विमान बंद केलं. म्हणजे बाळंतपण तिकडंच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी मागच्या खोलीला रंग दिला, मंचरच्या डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलं. अर्ध्या गावाला ती कधी येणार ते पाठ आहे.

“अण्णा, मग तुम्ही दोघंच या ना.”

मी म्हणालो, “मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत आपल्यात.”

ती म्हणाली, “अण्णा, याच रूढीवर तुम्ही दिवाळी अंकात लेख लिहिला होता. विनोदी.”

लेख वेगळा, घर वेगळं. हे एवढं शिकलेल्या पोरीला कळू नये?

११ डिसेंबर, गुरुवार

अंजना वर्गाला बसते म्हणाली. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या विषयाची तिला कधी गोडी लागली नाही, आणि आता एकदम मागच्या बाकावर. मी खूश नाही असं म्हणणार नाही. म्हटलं, “कशाला?” म्हणाली, “वेळ जात नाही.” जिचा दिवस सकाळच्या दुधापासून सुरू होतो तिचा वेळ जात नाही हे ऐकून बरं वाटलं. माणसाला वाढत्या वयात ज्ञानाची ओढ लागते ती अशी.

तिच्या इंग्रजीबद्दल काय लिहावं. ‘द’ ती मीठ टाकल्यासारखा टाकते, अंदाजानं. “आय मेक द चपाती. आय गो द मार्केट. द वृषाली इज माय द डॉटर.” मी फळ्यावर वाक्यं लिहून तीन ठिकाणी रेघा मारल्या. ती म्हणाली, “पण कळलं ना?” कळलं, हाच तर त्रास आहे.

२० डिसेंबर, शनिवार

माझी थोरली बहीण साळुबाई, आमची अक्का, राजुरीहून राहायला आली आहे. चार वाजता जावईबापूंचा, म्हणजे अमृतचा, व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता त्यानं शेजारणीला बोलावलं. जोन नावाच्या म्हाताऱ्या बाई, पांढरे केस, वृषालीला रोज सूप आणून देतात. अमृत म्हणाला, “अण्णा, जोनला तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय. तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत म्हणून. तिला बोलायचंय तुमच्याशी.”

नेमकी तेव्हाच मला आठवण झाली, की मळ्यातली मोटर चालू राहिली आहे. फोन अंजनाकडे देऊन पळालो. परत आलो तर अंजना आणि त्या बाई एकमेकींना लोकरीची टोपरी दाखवत होत्या.

अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “दादा, दुपारपासून लाईट कुटं व्हती रं?”

आली असती तर? काळजी घेतलेली बरी.

४ जानेवारी, रविवार

गोरखनं आज घोळ घातला. न सांगता एक पाहुणी थेट वर्गात आणली. खोडदला आलेली, ताऱ्यांवर काम करणारी, हेलन. चाळिशीची असेल. म्हणाला, “सर, म्हटलं वर्गाला खरं इंग्लिश ऐकू येईल.” म्हणजे एवढे दिवस काय ऐकू येत होतं?

माझा घसा सकाळपासून बसल्यासारखा होता. तिनं हात पुढं केला तेव्हा तो पूर्णच बसला. मी गळ्याकडे बोट दाखवून नमस्कार केला आणि फळ्याकडे तोंड करून तारीख लिहिली. व्यवस्थित लिहिली, वळणदार.

मग काय, मागच्या बाकावरून आमची मंडळी उठली. “मॅडम, सिट. द टी? विथ द शुगर?” असं सुरू झालं ते थांबेना. माझं लक्ष चुका मोजण्यात होतं म्हणून विषय काय होता ते नीट समजलं नाही. पण हेलन एकदा पोट धरून हसली आणि एकदा तिनं अंजनाचा हात हातात घेतला. बहुतेक वृषालीचा विषय निघाला असावा. जाताना हेलन मला म्हणाली, “युवर वाइफ इज वंडरफुल.” या वाक्यात आर्टिकल लागत नाही. बरोबर बोलली.

पाहुणी खाली गेल्यावर मी गोरखला चांगला झापला. तो म्हणाला, “घसा लगीच सुटला की सर.”

८ जानेवारी, गुरुवार

सकाळी वर्गात दवाखान्याचा नियम घेतला. कठीण नियम आहे, परीक्षेत हमखास येतो. आजारी माणूस, बाळंतीण, ज्यांच्यासाठी दवाखाना असतो ते जातात तेव्हा ‘द’ नाही : शी इज इन हॉस्पिटल. भेटायला जाणारा मात्र बाहेरचा. त्याला ‘द’ : आय वेंट टू द हॉस्पिटल. शाळेला, तुरुंगाला, देवळाला तोच कायदा.

अंजनानं हात वर केला. “म्हणजे लेक आत असली तर ‘द’ नाही, आणि आई गेली तर ‘द’?”

“बरोबर.”

“म्हणजे आई पाहुणीच.”

“व्याकरण तसं सांगतं.”

“मग व्याकरणाला लेक झालेली नाही.”

बाकं हसली. मी डस्टर झटकलं.

दुपारी ती पुण्याला चुलतबहिणीकडे जाते म्हणून गेली. सातला परत आली, चहा ठेवला आणि म्हणाली, “ठसे देऊन आले. व्हिसाचे. अमृतनं कागद भरलेत. तुमचेही भरतो म्हणालाय, तुम्ही हो म्हणा.”

एवढं मोठं पाऊल मला न विचारता. मी म्हणालो, पाण्याचं काय? लोक काय म्हणतील? उद्या माझ्याच लेखांवर हसतील. ती म्हणाली, “लोकांचं मी बघते. तुम्हाला यायचंय का तेवढं सांगा.” मी म्हणालो, रीत म्हणजे रीत.

अक्कानं मध्ये तोंड घातलं. “रीत लेकीच्या घरच्या पाण्याची हाय ना? मंग पाणी आपलं न्यावं. त्यात काय एवढं.”

“अक्का, इंग्लंडला पाणी घेऊन जायचं?”

“मी सासरी गेले तवा आपली म्हातारी आली व्हती की पाच दिस. कळशी घेऊन आलती राजुरीला, बैलगाडीत. इमान बैलगाडीपरीस लहान आसतंय का?”

२७ जानेवारी, मंगळवार

अंजनाचा व्हिसा आला. घरात कुणी माझ्याशी भांडत नाही, म्हणून जास्त अस्वस्थ वाटतं. पहाटे उठून मळ्यात गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. शेजारचे धर्माजी म्हणाले, “सर, काय हरवलं का?”

दुपारी अंजनाची परीक्षा घेतली. तिकडं उतरल्यावर साहेब प्रश्न विचारणार; तेव्हा फजिती होण्यापेक्षा इथं झालेली बरी. मी खुर्चीवर साहेब होऊन बसलो आणि विचारलं, “व्हाय हॅव यू कम?”

“माय द डॉटर, बेबी कमिंग. आय कुक, आय मसाज, आय गो द बॅक.”

“व्हेअर इज युवर हजबंड?”

ती मराठीत म्हणाली, “हे विचारतील का हो?”

मी तिला नापास केलं. म्हटलं, असल्या इंग्रजीवर त्या विमानतळावर तुला बसवून ठेवतील. ती हसली. “तुम्ही नापास केलेली निम्मी पोरं तिकडंच आहेत.”

कपाटात माझाही पासपोर्ट आहे. लग्नानंतर अमृतनं दोघांचेही काढून घेतले होते. फोटोत मी साहेबासारखा दिसतो. फोटो बोलत नाही हा त्याचा मोठा गुण.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

गेली.

गोरखच्या गाडीतून मुंबईला. मला वर्ग होता म्हणून फाट्यापर्यंतच गेलो. वर्गाला कुणी आलं नाही, कारण शुक्रवारी वर्ग नसतो. हे नंतर ध्यानात आलं.

बॅगेत बाजरीचं पीठ, डिंक, अळीव, हळद, लंगोटांसाठी धुतलेली जुनी सुती लुगडी. आणि आमच्या विहिरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन. झाकणावर चिकटपट्टी, वर पोतं शिवलेलं, त्यावर मार्करनं लिहिलंय : ‘द वॉटर’. विमानात खाली सामानात गेलं तर चालतं म्हणे. गोरखनं चौकशी केली होती. मी म्हणालो, तुझ्या सामानात पाणी बघून ते लोक हसतील. म्हणाली, “हसू देत. हसणारा माणूस अडवत नाही.”

गाडी हलताना तिनं काच खाली केली. मला वाटलं काहीतरी म्हणेल. म्हणाली, “दुधाचा डबा उलटा करून ठेवत जा.”

८ फेब्रुवारी, रविवार

पोहोचली. बसवून ठेवलं नाही. कॅनमुळे सामान तपासणारा साहेब मात्र अडला. तिनं सगळं त्याला सांगितलं, असं तीच सांगते. “दिस अवर द वॉटर. डॉटर होम, नो ड्रिंक. टिल बेबी.” साहेबानं दुसऱ्या साहेबाला बोलावलं, त्याला हिनं परत पहिल्यापासून सांगितलं. दुसरा मूळचा पंजाबातला निघाला. त्यानं कॅनला हात लावून कपाळाला लावला आणि जा म्हणाला.

मी विचारलं, “‘अवर द वॉटर’ म्हणालीस?”

“हो.”

“‘अवर’ आलं की ‘द’ येत नाही.”

मग म्हणाली, “जेवलात का?”

१५ फेब्रुवारी, रविवार

आजचा फोन ऐकून अक्का ओट्यावरून खाली पडायची बाकी होती. पाणी संपलं. पाच लिटर कुठवर पुरणार? बाळाचा पत्ता नाही. मी मनात म्हटलं, आता कळेल. रीत मोडून मोकळी होईल, आणि मग मला निदान बोलायला जागा राहील.

नाही मोडली. जोनबाईंच्या घरी जाऊन बसली. शेजारणीचं पाणी म्हणजे लेकीचं पाणी नव्हे! आता सकाळ-संध्याकाळ तिथं जेवते, तिथं पिते, दिवसभर लेकीकडे काम करते. जोनबाईंना सगळी रीत समजावली. त्या म्हणाल्या म्हणे, आमच्याकडे असली रीत असती तर माझा जावई किती सुखी झाला असता. भाकरी थापायला शिकतायत.

“एवढं सगळं तू इंग्रजीत सांगितलंस?”

“सांगितलं कसलं, दाखवलं. नळ दाखवला, वृषालीचं पोट दाखवलं, तोंडावर हात ठेवला. काही शब्द पण घातले मधे.”

अक्का म्हणाली, “बघ, आनि तुला बोर्ड लावावा लागतो.”

घरात चूल पेटते अक्कामुळे. मी वर्गात नीट शिकवतो आहे. परवा नियम सांगताना एका वाक्यात अडकलो, इतकंच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

नात झाली. पहाटे. दोघी सुखरूप.

फोनवर लाल मूठ दिसली आणि अंजनाचा अर्धा चेहरा. ती म्हणाली, “आता पाण्याची रीत सुटली. या.”

मी म्हणालो, बघू. दहावीची परीक्षा सुरू आहे. माझा एकही विद्यार्थी दहावीला नाही, पण वातावरण परीक्षेचं आहे. शिवाय कांदा निघायचाय. शिवाय तिकडं या दिवसांत थंडी. शिवाय अक्का एकटी पडेल. अक्का शेजारी उभी होती, ती फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, “मी उद्याच राजुरीला चालले.”

२५ फेब्रुवारी, बुधवार

पाचवी पुजली. वरवंटा नव्हता म्हणून जोनबाईंनी बागेतला गोटा धुऊन दिला. सटवाई कोण, ती काय लिहिते, हे अंजना त्यांना सांगत होती आणि फोन तसाच चालू राहिला होता. मी ऐकत होतो. एका वाक्यात चार चुका. मी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच मोजायचं राहून गेलं. जोनबाई रडत होत्या बहुतेक. त्यांची एक मुलगी लहानपणीच गेलेली आहे, हे अमृतलाही माहीत नव्हतं, इतकी वर्षं शेजारी राहून. अंजनाला पंधरवड्यात समजलं.

मग जोनबाई फोनपाशी आल्या. “इज दॅट ग्रँडपा?”

नेटवर्क गेलं.

म्हणजे मी लाल बटण दाबलं आणि गेलं. इथं खोटं लिहून कुणाला फसवणार? ही वही मीच वाचतो.

१४ मार्च, शनिवार

गोरख परवा म्हणाला, “सर, हेलन मॅडम परत चाल्ल्यात. इमानतळापर्यंत पुढच्या शिटावर बसा. मी चुकलो तर सांगा.” अंजनाचा त्याला फोन येतो हे मला माहीत आहे. गॅसची टाकी लावून द्यायला सांगते, असं तो म्हणतो. टाकी मागच्याच आठवड्यात लावली. पुण्याला मला पुस्तकं आणायची होती, म्हणून गेलो.

मंचर, खेड गेलं. मी समोरचा रस्ता वाचत होतो. गोरख आपला “दिस इज द पेट्रोल पंप, दिस इज अ बुल, गुड बुल” करत होता. चाकणला गाडी अडकली. पुढं ट्रक, मागं ट्रक, उजवीकडे कंपनीची बस. अर्धा तास जागचे हललो नाही. गोरखनं इंजिन बंद केलं, “जरा काय झालं बघतो” म्हणाला आणि उतरून गेला. कधी नव्हे ते गाडी सोडून गेला.

आता गाडीत मी आणि इंग्रजी.

हेलननं मागून विचारलं, “हाउ इज युवर वाइफ?”

खिडकीबाहेर बघितलं; दार उघडून पळायला दोन ट्रकांच्या मधे जागा नव्हती. मी म्हणालो, “लीड्स.” मग म्हणालो, “डॉटर. बेबी. गर्ल.” मग थांबता येईना. विहिरीचं पाणी, कॅन, साहेब, जोनबाई, गोटा, सगळं सांगितलं. काळ चुकले, क्रियापदं मागंपुढं झाली, आर्टिकलं किती गळाली त्याचा हिशेब नाही. मधे मी एकदा चक्क मराठीत बोललो आणि ते तिच्या लक्षात आलं नाही, की आलं असूनही ती काही बोलली नाही. ती पुढं वाकून ऐकत होती. कॅनच्या गोष्टीला हसली.

मग तिनं साधा प्रश्न विचारला. मग तुम्ही इथं का?

मला उत्तर इंग्रजीत आलं नाही. तसं पुष्कळदा येत नाही, ते मी मनात मराठीत तयार करतो आणि नंतर बदलतो. म्हणून मराठीत शोधलं. तिथंही नव्हतं.

मी म्हणालो, “आय वॉज अफ्रेड.”

“ऑफ व्हॉट?”

मी हातानं दाखवलं. तिच्याकडे, माझ्याकडे, मधल्या हवेकडे. ती म्हणाली, पण तुम्ही तर मघापासून बोलताय.

गोरख परत आला. काही बघून आला होता असं वाटलं नाही. हातात तीन उसाचे रस होते. बर्फ घातला नव्हता, मॅडमच्या पोटासाठी. पुढचे ट्रक सुटले.

विमानतळावर तिला सोडलं. पुस्तकांच्या दुकानाकडे वळायचं का, असं गोरखनं विचारलं. मी नको म्हणालो. गाडीतूनच अंजनाला फोन लावला. पलीकडे पोर रडत होती, तिला थोपटताना अंजनाचा आवाज हलत होता.

“तिकडं थंडी किती आहे?”

“आहे की. कुणाला विचारताय?”

“मला.”

थोपटणं थांबलं. मग म्हणाली, “कानटोपी घ्या. मागच्या खोलीतल्या ट्रंकेत, वरच आहे. मी जाताना वर काढून ठेवली होती.”